पहिल्या पानावरची दुरुस्ती

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवणार नाही. पालीला भिते, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसांना भिते, अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनला तर हमखास भिते. असाच एक फोन गेल्या महिन्यात आला आणि त्यानंतरचे तीन आठवडे माझ्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

फोन माझ्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा होता. तारापूर रस्त्यावरची शाळा. हे मुख्याध्यापक नवे, मला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. आमच्या भूगोलाच्या बाई निवृत्त होत होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेचा प्रश्नमंजुषेचा संघ तयार केला होता, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी सत्कार ठेवला होता.

"तुम्ही त्यांच्या संघात होतात ना? पाच मिनिटं बोला," ते म्हणाले. "आणि तो पस्तीसचा किस्सा सांगाच. आम्ही सगळ्यांनी ऐकलाय, पण संघातल्याच कुणी सांगितला तर मजा येईल."

मी "हो सर" म्हणाले. नाही म्हणायलाही धीर लागतो.

मी बोईसरला औषधांच्या एका कारखान्यात कागद तपासते. प्रत्येक औषधाबरोबर नोंदींचा एक गठ्ठा येतो, तो मी पान न् पान बघते. आमच्याकडे चुकीचा एक नियम आहे. लिहिताना आकडा चुकला तर गिरवायचा नाही, त्यावर पांढरा रंग फासायचा नाही. एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. खालची चूक वाचता आली पाहिजे. नवी पोरं घाबरून येतात, "मॅडम, गलती हो गया, अब क्या?" मी म्हणते, "लाइन मारो, साइन करो, डरो मत." दिवसातून चार वेळा म्हणते. म्हणताना स्वतःची लाज वाटते, कारण माझ्या नावावरची एक चूक गेली बारा वर्षं दुसऱ्याच्या सहीने फिरते आहे.

तो पस्तीसचा किस्सा माझा आहे. लोक तो बाईंचा म्हणून सांगतात.

बाई केळव्याच्या, वाडीतल्या घरातल्या. रोज एसटीने शाळेत येत आणि बसमध्ये वर्तमानपत्र वाचताना ब्लाउजला अडकवलेल्या लाल पेनाने खुणा करत. शाळा सुटली की सव्वापाच ते साडेसहा प्रयोगशाळेत आमचा सराव. लाकडी फळीवर सायकलची घंटा स्क्रूने बसवलेली होती, तोच आमचा बझर. घंटा वाजवल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, आणि घंटा वाजवली की उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. वाडीतले जांब बाई कापडी पिशवीतून आणत आणि बरोबर-चूक न बघता सगळ्यांना वाटत. या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळत नव्हते. मिळत असते तरी त्यांनी बहुतेक पुस्तकंच घेतली असती.

दर सोमवारी प्रत्येकाने घरून एक प्रश्न आणायचा, शाळेत कुणालाही येणार नाही असा. मी घिवलीची, तर मी विचारलं, भरती रोज साधारण किती मिनिटं उशिरा येते? दुसरीने विचारलं, बोंबील कुठल्या वाऱ्याला लवकर वाळतो? बाईंना ते आलं नाही. त्यांनी ताबडतोब वही उघडली आणि "सांग, सांग," म्हणत लिहून घेतलं. नवापूरच्या कोळ्याच्या मुलीकडून शिकताना त्या जितक्या खूश दिसल्या, तितक्या आम्ही ढाल जिंकून आणली तेव्हाही दिसल्या नव्हत्या.

ती नवापूरची मुलगी आमची कप्तान. संघ दोघींचा, ती आणि मी. घंटा वाजवायची तिने, उत्तर द्यायचं तिने. मी शेजारी बसून तिच्या कानात सांगायचं. ही वाटणी बाईंनीच केली होती, कारण घंटेवर हात ठेवला की माझा हात थरथरायचा.

"थरथरू दे," बाई म्हणायच्या. "थरथरत्या हाताने घंटा वाजत नाही असं कुठे लिहिलंय?"

पण त्यांनी मला कधी ओढून पुढे बसवलं नाही.

सगळ्यात मोलाची म्हणजे ती वही. जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची, बाईंच्या अक्षरात हजारो प्रश्न आणि उत्तरं. संघात आलेल्या प्रत्येकीने ती आठवीत हाताने उतरवून घ्यायची आणि पाठ करायची. पहिल्या पानावर महाराष्ट्र, त्याखाली जिल्हे, तालुके, नद्या, धरणं. पहिल्या पानावरचे प्रश्न बाई नववीला विचारत नसत. ते झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत, असं त्या धरून चालत.

आणि चुकीचा नियम. कारखान्याच्या आधी मी तो बाईंकडे शिकले. उत्तर चुकलं की उभं राहायचं. बरोबर उत्तर मोठ्याने तीनदा म्हणायचं. बाई म्हणत, "बस." मग बसायचं, आणि त्या चुकीबद्दल कुणी पुन्हा एक शब्द काढायचा नाही. चिडवायचं नाही, दिलगिरी नाही, काही नाही. एकदा एक मुलगी चुकलेल्या मुलीला बघून हसली, तर बाईंनी हसणाऱ्या मुलीला आठवडाभर सरावाला बोलावलं नाही. आमच्या वयात अशी जागा दुसरीकडे कुठेच नव्हती, जिथे चूक एवढ्यात संपत असे.

आम्ही नववीत असताना पालघर जिल्हा झाला. तोवर आम्ही ठाणे जिल्ह्यातले. शाळेत पेढे वाटले, बोईसरच्या नाक्यावर फलक लागले, कप्तानने तर दोनदा रांगेत उभं राहून दोन पेढे खाल्ले. बाईंची मात्र धांदल उडाली. वहीतल्या कितीतरी गोष्टी एका दिवसात जुन्या झाल्या होत्या. त्यांनी लाल पेनाने दुरुस्त्यांची यादी एका चिठ्ठीवर काढली, आधी पानाचा आकडा आणि पुढे जुनं-नवं. कप्तान त्या दिवसांत शाळेत नव्हती, नारळी पौर्णिमेला तिच्या घरची होडी पाण्यात जायची होती. म्हणून बाईंनी माझी वही, ती ठेवून गेलेली तिची वही आणि ती चिठ्ठी माझ्या हातात दिली.

"दोन्ही वह्या नीट कर," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू वेंधळी नाहीस."

शनिवारी दुपारी मी घरी ओटीवर बसून माझी वही पूर्ण केली. कप्तानची उघडली आणि तेवढ्यात भोंगा वाजला. घिवलीच्या बाजूला अणुवीजकेंद्र आहे, तिथून अधूनमधून आणीबाणीचा सराव होतो. जीप फिरते, ध्वनिक्षेपकावर सांगतात की हा सराव आहे, दारं-खिडक्या लावून घरात बसा. आदल्या दिवशी दवंडीसारखं सांगूनही गेले होते. मला सगळं माहीत होतं. तरी भोंगा वाजला की माझी पाचावर धारण बसायची. आईने दारं लावली, मी वह्या दप्तरात कोंबल्या आणि तिच्या पाठीला चिकटून बसले. सराव संपला, आईने खिडक्या उघडल्या, शेजारीपाजारी ओट्यावर येऊन हसत-बोलत उभे राहिले. मला मात्र त्या दिवशी पुन्हा दप्तराला हात लावावासा वाटला नाही. रविवारी पाहुणे आले.

सोमवारी बाईंनी विचारलं, "झालं?"

मी म्हणाले, "झालं, बाई."

मनात होतं की मधल्या सुट्टीत उरकून टाकू. पण कप्तान त्याच दिवशी आली, तिने माझ्या बाकावरची आपली वही उचलली आणि पिशवीत टाकली. मग वही परत मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. आज मागू, उद्या मागू करत दिवस गेले, आणि जितके दिवस गेले तितकी मागायची भीती वाढत गेली.

अंतिम फेरी पालघरला होती. एका शाळेच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या, माणसं भिंतीला टेकून उभी होती. आम्ही एका गुणाने पुढे. प्रश्न विचारणारे गृहस्थ ठाण्याहून आले होते. शेवटचा प्रश्न त्यांनी हसत हसतच वाचला, "महाराष्ट्रात आज एकूण जिल्हे किती?"

मला उत्तर येत होतं. सभागृहातल्या शेंगदाणेवाल्यालाही येत होतं. मी कप्तानच्या कानाकडे वळले, पण तिची घंटा वाजूनही गेली होती. आठवीपासून पाठ केलेलं पहिलं पान तिच्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं.

"पस्तीस."

मग ते गृहस्थ म्हणाले, "बाळ, तुमचा जिल्हा तुम्हाला नको असेल तर आम्ही परत घेतो." असं हसू फुटलं की मला वाटलं छत खाली येतंय. कप्तानने हात तोंडावर ठेवला. मी टेबलाची कडा धरून बसले होते आणि मला एकच दिसत होतं, तिच्या वहीचं पहिलं पान, माझ्या हाताची दुरुस्ती नसलेलं.

प्रश्न समोरच्या संघाकडे गेला, त्यांनी छत्तीस सांगितलं आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. मी हजेरीपट ठेवायला गेले होते, दार अर्धं उघडं होतं. ते म्हणत होते की शाळेचं हसं झालं, इतकी जुनी वही कसली पाठ करून घेता. बाई म्हणाल्या, "वही माझी आहे. दुरुस्ती माझ्याकडून राहिली."

बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं. रागावल्या नाहीत. हळूच विचारलं, "ती चिठ्ठी आहे का ग तुझ्याकडे? जिल्हे लिहायचे मी विसरले की काय, बघू दे एकदा."

चिठ्ठी माझ्या कंपासपेटीत होती. कंपासपेटी माझ्या हातात होती. पहिली ओळ मला पाठ होती, पान १, जिल्हे ३५ नव्हे ३६.

"हरवली, बाई," मी म्हणाले.

"मग मीच विसरले असणार," बाई म्हणाल्या. माझी वही मागितली असती तरी त्यांना लगेच कळलं असतं, पण माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी ती मागितली नाही. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. एवढी वर्षं ज्या डोक्यावर त्यांचा भरवसा होता, त्यावरच त्या शंका घेत होत्या.

त्या संध्याकाळी सरावाला कप्तान नियमाप्रमाणे उभी राहिली. छत्तीस, छत्तीस, छत्तीस. बाई म्हणाल्या, "बस." मग त्या स्वतः टेबलामागून पुढे आल्या, आमच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या मुलीसारखं म्हणाल्या, "छत्तीस. छत्तीस. छत्तीस." जाऊन बसल्या. मी बाकावरून उठले नाही. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

पण तो नियम प्रयोगशाळेपुरता होता. बाहेर नवापुरात कप्तानचं नाव पस्तीस पडलं. तिच्या हळदीला तिच्या भावांनी मंडपावर "पस्तीसचं लग्न" लिहिलं होतं, तीही हसली आणि मीही हसले. बाईंना प्रत्येक स्नेहसंमेलनात कुणी ना कुणी तो किस्सा ऐकवायचं, पालघरलाच विसरलेल्या पालघरच्या बाई. त्याही हसायच्या. फक्त त्या वर्षापासून त्यांनी दुरुस्तीचं काम कुठल्याच मुलीला दिलं नाही. सगळ्या वह्या घरी न्यायच्या आणि एकेक आकडा स्वतः बघायच्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही. हे मला कप्तानने सांगितलं, ती मनोरच्या बाजूला प्राथमिक शाळेत शिकवते आणि अजून बाईंकडे जाते. मी जात नसे. मला वाटायचं, बाईंच्या दारात पाय ठेवला की त्या पुन्हा चिठ्ठी मागतील.

तर आता मला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी कप्तानला फोन केला, म्हटलं तू बोल.

"मला नाय जमणार ग," ती म्हणाली. "तू बोल. आमी खाली बसून ऐकू. आनि माझं पस्तीसचं सांग खुशाल, मला काय नाय वाटत आता."

"खरंच नाही वाटत?"

"पयलं वाटायचं," ती म्हणाली. "बाईंची वही आपल्यामुळं बदनाम झाली, असं वाटायचं. मी पेपर वाचला असता तर म्हायती असतं ना. बाईंचा काय दोष हाय?"

मी फोन ठेवला. तिघींत मिळून दोघीजणी स्वतःला दोष देत होत्या, आणि त्या दोघींत मी नव्हते. चिठ्ठी शोधावी लागली नाही. घरं बदलली, दप्तरं गेली, पण ती कंपासपेटी मी कधी फेकू शकले नव्हते. सांगावं की सांगू नये, तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. सांगितलं तर बाई पुन्हा माझ्याकडे कशा बघतील? जगात ज्या एका माणसाने मला वेंधळी नाहीस असं म्हटलं होतं, ते माणूस जाणार होतं. न सांगावं तर बाई शेवटच्या दिवशीही तो किस्सा ऐकून हसणार, आणि त्याच समजुतीने घरी जाणार.

सत्कार शनिवारी दुपारी होता. शाळेच्या पटांगणात मंडप, सव्वीस वर्षांची माणसं, कुणाच्या कडेवर मुलं. बाई व्यासपीठावर मधल्या खुर्चीत. बारीक झाल्या होत्या. लाल पेन ब्लाउजला होतंच. कुणीतरी प्रयोगशाळेतली ती फळी आणून टेबलावर ठेवली होती, घंटा घासून चकचकीत केलेली. शाल, श्रीफळ झालं. मुख्याध्यापकांनी माझं नाव पुकारलं आणि म्हणाले, "आता तो प्रसिद्ध किस्सा." लोक आधीच हसायला लागले.

मी उठले. पहिल्या रांगेत कप्तान बसली होती, ती मान हलवून धीर देत होती आणि त्यामुळे माझं उरलंसुरलं अवसान गळालं. कुणीतरी येऊन माझ्या हातातला माइक स्टँडवर लावून दिला. भाषण कागदावर लिहून आणलं होतं, त्यातलं एक अक्षर दिसेना. मी पर्समधून चिठ्ठी काढली.

"ही बाईंची चिठ्ठी आहे," मी म्हणाले. "पान एक, जिल्हे पस्तीस नव्हे, छत्तीस. बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी हे पहिल्याच ओळीत लिहून दिलं होतं. कप्तानच्या वहीत दुरुस्ती करायचं काम माझं होतं. मी ते केलं नाही. झालं म्हणून सांगितलं. आणि बाईंनी चिठ्ठी मागितली तेव्हा हरवली म्हणून सांगितलं. तेव्हा ती माझ्या हातातच होती."

हसू थांबलं. मुख्याध्यापक चुळबुळले. मला वाटलं, आता मंडपातून सरळ चालत बाहेर जावं, रिक्षा पकडावी आणि ह्या रस्त्याला पुन्हा येऊ नये. मी बाईंकडे बघू शकत नव्हते. घंटेकडे बघत राहिले.

बाईंनी हात पुढे केला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा वर सारला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिली ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. इतका वेळ वाचत राहिल्या की मागून एक लहान मूल रडायला लागलं आणि त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. बाईंचे ओठ हलत होते. आपलंच अक्षर त्या तपासत होत्या.

त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली, ती पेनाशेजारी खोचली आणि फळी माझ्याकडे सरकवली.

"महाराष्ट्रात जिल्हे किती?" त्यांनी विचारलं. सव्वापाचच्या सरावातल्या आवाजात.

मी घंटेवर हात ठेवला. तो थरथरत होता. घंटा वाजली.

"छत्तीस," मी म्हणाले. "छत्तीस." तिसऱ्यांदा बाईंकडे बघून म्हणाले, "छत्तीस."

"बस," बाई म्हणाल्या.

मी खाली उतरून पहिल्या रांगेत गेले. कप्तान माझ्याकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते, तिला बरंच काही बोलायचं होतं, तिने तोंड उघडलंही. मग तिने वर व्यासपीठाकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.